कोअर 68 अंश, तरी पाव तासानंतर रेंडरिंग मंदावतं (3090)

निशाचर

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथलं नुसतं वाचतेय, आज स्वतःवर वेळ आली म्हणून लिहायला बसले.

ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स 3090, 24 जीबी, तीन पंख्यांचं, आधी कुणीतरी वापरलेलं. कंपनी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर हा धागा 'ही चांगली की ती' या वादात वाहून जाईल. माझं काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं, त्यातल्या सायकल्स या रेंडर इंजिनवर ॲनिमेशन. झोपताना रेंडर लावते, उठल्यावर फ्रेम्स बघते.

परवा सहज फ्रेम्सच्या फायलींवरच्या वेळा वाचल्या. पहिल्या सात-आठ फ्रेम्स 1 मिनिट 50 सेकंदांच्या अंतराने पडल्यात. नवव्या-दहाव्यापासून 2 मिनिटं 5, मग 2 मिनिटं 20, आणि पुढे थेट सकाळपर्यंत 2 मिनिटं 35 ते 40. दृश्य तेच आहे. कॅमेरा हलत नाही, खिडकीचा एक पडदा तेवढा हलतो. म्हणजे काम वाढलेलं नाही, कार्डच दमतंय. 250 फ्रेम्स साडेसात तासांत उरकायला हव्यात, लागतात जवळपास अकरा.

आतापर्यंत काय काय करून झालं:

आफ्टरबर्नर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोअर (कार्डाची मुख्य चिप) 68 अंश, पंखे 55 टक्के. खोलीत 29 होतं. सुरुवातीला क्लॉक (कोअरचा वेग, मेगाहर्ट्झमध्ये) 1755 च्या आसपास, पॉवर 345 वॉट. मंदावल्यावर क्लॉक 1350 ला, पॉवर 250 ला, आणि कोअर 63! म्हणजे मंद झालं की आणखी थंड. मला तर वाटलं कार्डाला थंडी वाजतेय.

केसचं बाजूचं झाकण काढून पाहिलं. कोअर 6 अंशांनी उतरला, रेंडरिंग मात्र तसंच मंदावलं, फक्त पाच मिनिटं उशिरा. घरात इन्फ्रारेड थर्मामीटर आहे, तो बॅकप्लेटवर (कार्डाच्या पाठीचा पत्रा) रोखला तर 47. ड्रायव्हर पुसून परत टाकला. दृश्य 19 जीबी मेमरी खातंय, म्हणजे मेमरी अपुरी पडते असंही नाही.

आता कोअरवरची थर्मल पेस्ट बदलू, केसमध्ये पंखे वाढवू, की सरळ पाण्याने थंड करणारा वॉटर ब्लॉक बसवू? कार्ड आजवर कधी उघडलेलं नाही आणि उघडायची भीती वाटते, हे आधीच कबूल करते.

पंखेवाला

68 म्हणजे थंडगार आहे हो. माझं 78 वर चालतं, कधी तक्रार नाही. पॉवर सप्लाय बघा, दम नसेल त्यात. नाहीतर केसमध्ये पुढून आत ओढणारे तीन पंखे लावा, निम्मी दुखणी त्यानेच जातात.

जुना सोल्डर

पंखेवाले, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कोअर थंड आहे हे त्या स्वतःच सांगतायत, आणि तुम्ही त्याच कोअरसाठी पंखे मागवताय. पॉवर सप्लायमध्ये दम नसता तर मशीन एकदम बंद पडलं असतं, असं हळूहळू, पायरी पायरीने उतरलं नसतं.

निशाचरताई, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही विनोदात घालवलीत. मंद झालं की आणखी थंड. कोअर तापला म्हणून कार्ड मागे सरलं असतं तर कोअर 83 च्या आसपास दिसला असता, कारण या कार्डाचं ठरलेलं टार्गेट साधारण तेवढं असतं. इथे कोअर निवांत आहे आणि तरी कार्डाने स्वतःचा लगाम खेचलाय. म्हणजे तापलंय दुसरंच काहीतरी. माझा संशय मेमरीवर आहे.

3090 वर जीडीडीआर6एक्स मेमरी आहे. एका ठोक्याला दोनऐवजी चार पातळ्यांचे सिग्नल पाठवणारी, वेगवान आणि तितकीच तापट. 2020 साली हे कार्ड आलं तेव्हा ते 1 जीबीच्या चिपांवर बांधलं होतं, म्हणून 24 जीबीसाठी 24 चिपा लागल्या. 12 पुढे कोअरच्या भोवती, 12 पाठीमागे. पुढच्या बारांना हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आहे, त्यावर पंख्यांचा वारा आहे. पाठच्या बारांच्या वाट्याला एक पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) आणि एक पत्रा. त्या पत्र्याला बॅकप्लेट म्हणायचं आणि खूश राहायचं. पुढे 3090 टीआय काढताना 2 जीबीच्या चिपा वापरल्या आणि बाराच्या बारा पुढे आणल्या.

यातली खरी गोम अशी की पंख्यांना यातलं काही कळतच नाही. त्यांचा वेग बहुतेक कार्डांत कोअरच्या तापमानावरून ठरतो. कोअर 68 म्हणाला की ते 55 टक्क्यांवर आरामात फिरतात, पाठीमागे मेमरी भाजत असली तरी. मेमरीचं जंक्शन, म्हणजे चिपच्या आतलं तापमान, 110 अंशांना टेकलं की कार्ड क्लॉक आणि पॉवर दोन्ही खाली ओढतं, त्याने कोअर आणखी थंड होतो, आणि बघणारा म्हणतो, अरे वा, तापमान तर मस्त आहे.

तुमच्या 47 अंशांबद्दल. बॅकप्लेट चकचकीत असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर तिचं तापमान वाचतच नाही. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी उत्सर्जित करतो आणि समोरच्या भिंतीची परावर्तित करतो. तुम्ही अर्धी भिंत मोजलीत. काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा, आणि टेपवर रोखून मोजा.

आता करायचं एवढंच. एचडब्ल्यूइन्फो हे मोजमापाचं सॉफ्टवेअर टाका, सेन्सर्सची खिडकी उघडा आणि तीन ओळी बघा: जीपीयूचं (म्हणजे कोअरचं) तापमान, हॉटस्पॉट (कोअरमधली सगळ्यात तापलेली जागा), मेमरी जंक्शन. खाली 'परफॉर्मन्स लिमिट – थर्मल' अशी ओळ आहे, तिथे हो की नाही तेही बघा. समोर बसून टक लावू नका, लॉग लावा आणि झोपा. सकाळी फ्रेमच्या वेळा आणि लॉग शेजारी शेजारी ठेवा. तोवर पेस्ट नको, पंखे नकोत, वॉटर ब्लॉक तर नकोच.

निशाचर

काका (काकाच ना?), लॉग घेतला.

सुरुवातीला कोअर 66, हॉटस्पॉट 79, मेमरी जंक्शन 96. बाराव्या मिनिटाला मेमरी 106. सोळाव्या मिनिटाला 110, आणि तिथून सकाळपर्यंत 108 ते 110, जणू कुणी छताला डोकं टेकवून उभं आहे. थर्मलच्या ओळीत 'हो'. ज्या मिनिटाला 110 दिसलं त्याच मिनिटाच्या आसपास फ्रेम्स लांबल्यात.

आणि टेपवर 82 आलं! त्याच बॅकप्लेटवर, दोन इंच बाजूला, अजूनही 47. हे बघून मी पाच मिनिटं नुसती टेप आणि पत्रा, टेप आणि पत्रा करत बसले होते.

आता कार्ड उघडायचं का? पाठीमागच्या चिपांचाच दोष आहे हे धरून चालू?

जुना सोल्डर

काकाच. आणि धरून चालायचं नाही. एचडब्ल्यूइन्फो दाखवतो तो सगळ्यात तापलेल्या चिपचा आकडा. ती पुढची की पाठची, हे त्यावरून कळत नाही. पण ते शोधायला कार्ड उघडावं लागत नाही. 120 मिलिमीटरचा एखादा सुटा पंखा पडला असेल तर केसचं झाकण काढून तो बॅकप्लेटवर आडवा ठेवा, वारा पत्र्याच्या दिशेने. कार्ड 110 वर स्थिरावलं की पंखा चालू करा आणि दहा मिनिटं लॉग बघा. आकडा भराभर उतरला तर पाठच्या चिपा दोषी, आणि पॅडमधून उष्णता निदान पत्र्यापर्यंत पोचतेय. ढिम्म हलला नाही तर दोष पुढे आहे, किंवा पाठचे पॅड पत्र्याला टेकतच नाहीत.

आणखी एक. तुमचा हॉटस्पॉट कोअरपेक्षा 13 अंश वर आहे. हे चांगलं लक्षण. हा फरक 25-30 ला गेला असता तर पेस्ट सुकली किंवा कडेला सरकली म्हणालो असतो. तुमच्या पेस्टला हात लावू नका, ती बिचारी तिचं काम करतेय.

टर्मिनलमामा

निदान बरोबर, पण स्क्रूड्रायव्हरपर्यंत जायची एवढी घाई कशाला? मी याच कार्डावर लिनक्सवर भाषेची मॉडेल्स चालवतो. तो प्रकार मेमरीला रेंडरिंगपेक्षाही वाईट. एकेक शब्द काढताना अख्खं मॉडेल पुन्हा पुन्हा मेमरीतून वाचलं जातं, कोअर त्या मानाने रिकामा बसतो. कोअर 58 आणि मेमरी 104 हे माझं रोजचं दृश्य होतं.

मी कार्ड उघडलं नाही. एनव्हिडिया-एसएमआय या आज्ञेने पॉवर लिमिट 350 वरून 280 वॉट केली. कामाचा वेग किंचित उतरला, मेमरी 94 वर आली. लिनक्सवाल्यांसाठी दोन सूचना. ही मर्यादा रीबूट झालं की पुसली जाते, म्हणून ती सुरुवातीलाच लावणारी छोटी सर्व्हिस लिहून ठेवा. आणि जीफोर्स कार्डांवर तीच आज्ञा मेमरीचं तापमान सांगत नाही, तिथे नुसतं 'लागू नाही' येतं. त्यासाठी वेगळं साधन लागतं. मी कित्येक महिने 'लागू नाही'ला 'सगळं ठीक' समजत होतो.

निशाचर विंडोजवर असतील तर आफ्टरबर्नरमधली पॉवरची पट्टी 80 टक्क्यांवर ओढा. झालं काम.

जुना सोल्डर

मामा, पॉवर लिमिटला माझा विरोध नाही, तो दुसऱ्या क्रमांकाचा उपाय आहे. पण 280 वॉटला तुमच्या कोअरची उष्णता कमी झाली, मेमरीची फारशी नाही. दोघं एकाच हीटसिंकवर नांदतात म्हणून मेमरीला दिलासा मिळाला. पॅड मेलेला असेल तर हा दिलासा उन्हाळ्यापर्यंतच. खोली 5 अंशांनी तापली की सगळे आकडे तेवढेच वर सरकतात. म्हणूनच म्हणतो, मंडळी, तापमान लिहिताना खोलीचं लिहीत जा. निशाचरताईंनी 29 लिहिलं, शंभरात एक जण लिहितो.

अंडरव्होल्टिंग, म्हणजे कोअरला व्होल्टेजच कमी देणं, त्याहून बरं. पॉवर लिमिट लावली की कार्ड भिंतीवर आपटत राहतं, क्लॉक वरखाली उड्या मारतो. व्होल्टेजचा आलेख उघडून 0.85 व्होल्टला एक स्थिर क्लॉक दिला की ते शांत धावतं. चिप जी वीज खाते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 1.05 वरून 0.85 वर आलात, तर त्याच क्लॉकला जवळपास एक तृतीयांश वीज वाचते. प्रत्येक चिप वेगळी निघते, म्हणून 0.85 ला जमलं नाही तर 0.875. रात्रभराच्या रेंडरवर तपासा, पाच मिनिटांच्या चाचणीवर नको.

आता उघडण्याबद्दल. मी भीती घालत नाही, पण माझा पराक्रम सांगतो. हेच कार्ड, माझं स्वतःचं. मूळ पॅड 1.5 मिलिमीटरचे होते. मी विचार केला, जाड तेवढा चांगला टेकेल, आणि 2 मिलिमीटरचे लावले. वर वॉट प्रति मीटर-केल्व्हिनचा (पॅड उष्णता किती चांगली नेतो त्याचं माप) मोठा आकडा बघून निवडलेले, दगडासारखे टणक. स्क्रू घट्ट आवळले. मशीन चालू केलं. मेमरी 78! मी आनंदात खुर्चीतून उठलो. परत बसेपर्यंत हॉटस्पॉट 103. पॅड दबलेच नाहीत, त्यांनी अख्खा हीटसिंक अर्ध्या मिलिमीटरने उचलून धरला होता आणि कोअरवर पेस्ट नुसती चाटून गेली होती. उघडून पाहिलं तर पेस्टचा शिक्का एका कोपऱ्यातच. ते सगळं परत उपसून 1.5 चे, मऊ जातीचे लावले. मेमरी 84 वर बसली. म्हणजे 78 पेक्षा 6 अंशांनी वाईट, आणि तरी तेच बरोबर.

तेव्हापासून मी पॅड विकत घेण्याआधी व्हर्निअरने जुना पॅड मोजतो. दबलेला भाग नाही, चिपच्या बाहेर लोंबणारी कड मोजायची, तिथेच मूळ जाडी टिकलेली असते. एकाच कार्डावर दोन-तीन वेगवेगळ्या जाडीचे पॅड असतात, मॉडेल बदललं की जाडी बदलते, म्हणून कुणाचा आकडा डोळे मिटून घेऊ नका, माझाही नाही. जाडीची खात्री होत नसेल तर थर्मल पुटी वापरा. ती कणकेसारखी दबते, हीटसिंक उचलत नाही. फक्त नंतर पुसताना जीव जातो.

पंखेवाला

माघार घेतो. माझंही आज एचडब्ल्यूइन्फोमध्ये बघितलं. 102. गेली दोन वर्षं मी इथे सगळ्यांना 'तक्रार नाही' सांगत फिरतोय.

निशाचर

दहा दिवसांनी परत आले, हिशोब द्यायला.

पंख्याची चाचणी: जुन्या केसमधला 120 चा पंखा बॅकप्लेटवर ठेवला. सहा मिनिटांत 110 चं 97. फ्रेम 1 मिनिट 52 वर परत. म्हणजे पाठच्याच चिपा. तीन रात्री तशाच काढल्या, झाकण उघडं, पंखा दोऱ्याने बांधलेला. दिसायला भयंकर.

मग मामांचं ऐकलं, पॉवर 80 टक्के. पंखा काढून मोजलं: मेमरी 104, फ्रेम 1 मिनिट 57. रेंडरिंग मंदावणं थांबलं. खरं तर इथेच थांबता आलं असतं.

पण काकांचं उन्हाळ्याचं वाक्य डोक्यात बसलं होतं. माझ्या कार्डात बॅकप्लेटचे स्क्रू वेगळे निघाले, हीटसिंकला हात न लावता नुसता पत्रा सुटला. कार्ड आधी दहा मिनिटं चालवून कोमट केलं, म्हणजे पॅड फाटत नाहीत असं वाचलं होतं. पत्रा उचलला. बारा चिपांपैकी आठांवर चिपेचा ठसा पॅडवर स्वच्छ उमटलेला. एका टोकाच्या चारांवर ठसाच नाही. पॅड कडक झालेले, भोवती तेलाचा ओशट थर, आणि त्या टोकाला पत्रा किंचित वर वाकलेला. आधीच्या मालकाकडून वाकला की मुळातच तसा होता, देव जाणे.

कड मोजली, 2 मिलिमीटर. (काका, तुमच्या 1.5 वर विसंबले असते तर काय झालं असतं!) वाकलेल्या टोकाला पॅड लावायचं धाडस झालं नाही, तिथे पुटी लावली, बाकी आठांना मऊ पॅड. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. पहिल्यांदा चालू करताना हात थरथरत होते, हेही कबूल.

आता 80 टक्के पॉवरवर, झाकण बंद, खोली 30: कोअर 64, हॉटस्पॉट 77, मेमरी 86. काल रात्री 250 फ्रेम्स, पहिली 1 मिनिट 56, शेवटची 1 मिनिट 57. अंडरव्होल्टिंग अजून केलेलं नाही, चालू कामाचे दिवस संपले की बसेन. फॅन कंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर मात्र टाकलं, त्यात पंख्याचा आलेख कोअरऐवजी मेमरी जंक्शनवर बांधता येतो. आता पंखे योग्य कारणासाठी ओरडतात.

एक शंका राहिली. मशीन नुसतं पडून असतं तेव्हा पंखे बंद असतात, कोअर 44, पण मेमरी 66. हे बरोबर आहे का?

जुना सोल्डर

1.5 वर विसंबू नका हे मीच लिहिलं होतं, वर जाऊन बघा.

66 ने काही बिघडत नाही, पण पडून असताना जरा जास्तच. मॉनिटर किती? दोन वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) असतील तर मेमरीचा क्लॉक खाली येतच नाही, कार्ड रिकामं असलं तरी ती पूर्ण वेगात धावत राहते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये मेमरी क्लॉकची ओळ बघा.

निशाचर

दोन आहेत. एक 165 चा, एक 60 चा. क्लॉक पूर्ण वरच होता.

165 चा 120 वर आणला. क्लॉक खाली आला. मेमरी 50.

पंखेवाला

माझ्याकडे तीन मॉनिटर आहेत. जाऊन बघतो, थांबा.